पाऱ्याच्या नळीतून हवेचे वजन

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हमखास दिसणारा एक प्रयोग आहे. सुई काढलेल्या दोन सिरिंज, एक बारीक आणि एक जाड, पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या नळीने एकमेकींना जोडायच्या. बारीक सिरिंजचा दट्ट्या बोटाने दाबला, की जाड सिरिंजच्या दट्ट्यावर ठेवलेले पुस्तक अलगद वर उचलले जाते. हा नियम ज्याच्या नावाने शिकविला जातो, त्या ब्लेझ पास्कलला अवघे ३९ वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्यातील जेमतेम आठ वर्षे द्रव व हवेच्या अभ्यासाच्या वाट्याला आली.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेर्मों येथे झाला. तो तीन वर्षांचा असताना आई वारली. वडील एतिएन हे करखात्यातील अधिकारी. त्यांनी मुलाला शाळेत न घालता स्वतःच शिकविले. पुढे वडिलांची रूआं येथे नेमणूक झाली. तेथील करवसुलीच्या किचकट बेरजांतून त्यांची सुटका व्हावी, म्हणून पास्कलने १६४२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, दातेरी चाकांचे गणनयंत्र बनवावयास घेतले. प्रकृती मात्र लहानपणापासूनच नाजूक होती.

१६४६ मध्ये इटलीतील टोरिचेल्लीच्या प्रयोगाची वार्ता रूआंला पोहोचली. पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, की पारा थोडा खाली उतरतो आणि वर मोकळी जागा राहते. त्या जागेत काय असते? निसर्गाला पोकळी सहन होत नाही, ही ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली शिकवण. तिला धक्का लावणे म्हणजे विद्यापीठांतील पंडितांशी आणि धर्मपीठाच्या विद्वानांशी वैर पत्करणे होते. वरची जागा द्रवाच्या वाफेने भरते, असे काहींचे म्हणणे होते. पास्कलने ४६ फूट लांबीच्या काचेच्या नळ्या करवून घेतल्या, त्या डोलकाठीला बांधल्या आणि एकीत पाणी, तर दुसरीत तांबडे मद्य भरले. मद्याची वाफ अधिक, तेव्हा ते अधिक खाली उतरावयास हवे होते. प्रत्यक्षात पाणी सुमारे ३१ फुटांवर थांबले आणि पाण्याहून हलके असलेले मद्य त्याहून किंचित वर राहिले. इतक्या लांब काचनळ्या त्या काळी घडविणाऱ्या कारागिरांचे कौतुक कोणी फारसे करीत नाही, ही खंतच म्हणावयाची.

पोकळी नळीत दिसत होती. पण पाऱ्याला तोलून धरतो कोण? हवेचे वजन, असे उत्तर असेल, तर उंचावर हवा कमी म्हणून पाराही कमी चढला पाहिजे. पास्कलला स्वतःला डोंगर चढणे शक्य नव्हते. नोव्हेंबर १६४७ मध्ये त्याने आपले मेहुणे फ्लोरँ पेरिये यांना पत्र धाडले. प्रयोग झाला तो १९ सप्टेंबर १६४८ रोजी. पेरिये यांनी क्लेर्मों येथील मठाच्या बागेत दोन नळ्यांतील पारा मोजला. एक नळी तेथेच एका साधूच्या पहाऱ्यात ठेवली आणि दुसरी घेऊन ते प्वी द दोम हा १४६५ मीटर उंचीचा डोंगर चढले. माथ्यावर, वेगवेगळ्या ठिकाणी पाच वेळा मोजूनही, पारा तीन इंचांहून अधिक खाली होता. बागेतील नळीत दिवसभरात काहीच फरक पडला नव्हता. प्रयोगातील सर्वांत मोलाची गोष्ट, माझ्या मते, डोंगरापेक्षा ही खाली ठेवलेली नळी होय. ती नसती, तर हवामान पालटले असे म्हणावयास विरोधक मोकळे होते. या प्रयोगाची कल्पना मूळ आपलीच, असा दावा पुढे देकार्तने केला. तो वाद आजही पुरता मिटलेला नाही.

१६५१ मध्ये वडील वारले, त्यानंतर धाकटी बहीण झाकलीन मठात गेली. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री पास्कलला उत्कट धार्मिक अनुभव आला. त्याची टिपणी त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली होती. ती सापडली मृत्यूनंतरच. पुढील आयुष्यात धर्मचिंतनालाच अग्रस्थान मिळाले. तरीही अखेरच्या वर्षी, मार्च १६६२ मध्ये, पॅरिसमध्ये ठराविक मार्गांवर धावणाऱ्या सार्वजनिक घोडागाड्या सुरू झाल्या, त्या त्याच्याच कल्पनेतून. १९ ऑगस्ट १६६२ रोजी त्याचे निधन झाले.

द्रवांचा समतोल आणि हवेचे वजन यांवरील त्याचे दोन प्रबंध लिहून तसेच पडून होते. पेरिये यांनी ते १६६३ मध्ये छापले. एका दट्ट्याचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या शंभरपट असेल, तर लहान दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्यावरील शंभर माणसांना तोलून धरील, हे विवेचन त्यातीलच. पाण्याने भरलेल्या पिंपात उंच, बारीक नळी खोचून पिंप फोडल्याची जी गोष्ट पुस्तकांत आढळते, ती मात्र या लेखनात नाही. पाण्याखाली वीस फुटांवर बसलेल्या माणसाच्या मांडीवर नळी टेकविण्याचा एक प्रयोग त्यात आहे. तो माणूस तेथे श्वास कसा घेणार, अशी रोखठोक शंका रॉबर्ट बॉइलने १६६६ मध्ये छापून टाकली.