मियाँ तानसेन

तानसेनाचें नांव काढतांच विद्यार्थ्यांस दीपक रागानें दिवे पेटल्याची कथा आठवते. कथा मनोरंजक खरी, पण तिला इतिहासाचा आधार नाहीं. मनास चटका लावणारा प्रसंग निराळाच आहे.

ग्वाल्हेरीकडचा हा गवई रेवा प्रांतीं बाघेल राजा रामचंद्र याच्या पदरीं होता. राजाचा त्याजवर फार लोभ. इ. स. १५६२ मध्यें अकबर बादशहानें त्यास आणावयास जलालखान कोरची यास पाठविलें. बादशहाची मागणी ती आज्ञाच! नाहीं म्हणण्याची राजाची प्राज्ञा नव्हती. हत्ती व रत्नें यांच्या नजराण्याबरोबर गवईहि रवाना झाला. त्याला कोणीं विचारलें होतें काय?

दरबारीं मात्र त्याच्या गुणांचें चीज झालें. आईन-इ-अकबरींतील गायकवादकांच्या यादींत पहिलें नांव त्याचेंच आहे. तो ध्रुपद गात असे; मियाँकी मल्हार, मियाँकी तोडी व दरबारी कानडा हे राग त्याचे मानतात. १५८९ मध्यें तो वारला, तेव्हां बादशहाच्या आज्ञेनें सारे गवई लग्नाच्या वरातीप्रमाणें गातवाजवीत त्याच्या प्रेताबरोबर चालले. ग्वाल्हेरीस महंमद घौस यांच्या भव्य कबरीजवळ त्याची लहानशी कबर आहे. तेथील चिंचेचा पाला गळा गोड व्हावा म्हणून गवई मोठ्या श्रद्धेनें चघळीत आले आहेत.