सुरतेत टिळकांसाठी हात आडवे करणारे गोखले

निपाणी सोडून कोल्हापूरकडे निघालं की कागल लागतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं बालपण तिथलं. जन्म कोकणातल्या कोतळूकचा, ९ मे १८६६. वडील मात्र कागल संस्थानात नोकरीला.

बी.ए. झाल्यावर पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाले. तिथेच टिळकांशी गाठ पडली, आणि मतभेदही. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, गोखले राहिले.

१८९७ ला गोखले विलायतेत होते. प्लेगच्या बंदोबस्तात गोरे सोल्जर बायकांवर अत्याचार करतात, अशी पत्रं पुण्याहून आली. त्यांनी ते तिथल्या पेपरात सांगितलं. परत आल्यावर पुरावा द्यायला कुणी पुढे येईना. गोखल्यांनी पत्रं लिहिणाऱ्यांची नावं काही फोडली नाहीत. सगळं अंगावर घेऊन जाहीर, बिनशर्त माफी मागितली. आपल्याच लोकांनी झोडपून काढलं. सिद्ध करता येत नाही ते मागं घ्यायला छाती लागते, पण तेव्हा हे कुणाला पटणार!

डिसेंबर १९०७, सुरतेची काँग्रेस. बोलू द्या म्हणून टिळक व्यासपीठावर अडून बसले. जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या. लोक टिळकांवर धावून आले, तेव्हा शेजारी उभं राहून दोन्ही हात आडवे केले ते गोखल्यांनी. काँग्रेस फुटायची ती फुटलीच.

१९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले, अवघ्या ४८ व्या वर्षी. टिळक सिंहगडावर होते. बातमी कळताच खाली उतरले, स्मशानात बोलायला उभे राहिले. गर्दीतून टाळ्या पडल्या, तर त्यांनी आधी त्या थांबवल्या.