श्रीप्रकाश

श्रीप्रकाश (जन्म : वाराणसी, ३ ऑगस्ट १८९०, मृत्यू : २३ जून १९७१) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते, संसदपटू व प्रशासक होते. महाराष्ट्र राज्याचे पहिले राज्यपाल म्हणून मराठी वाचकांस त्यांचे नाव परिचित आहे. त्यांच्या आयुष्यातील खरा कसोटीचा काळ मात्र त्याआधीचा होय. पाकिस्तानातील भारताचे पहिले उच्चायुक्त म्हणून त्यांनी कराचीत सुमारे दीड वर्ष काढले. दोन देशांमधील नव्या सीमेवरून सामान्य माणसांचे जाणे-येणे कसे हाताळावे, हा प्रश्न त्या काळात त्यांच्यापुढे सतत उभा राहिला.

पूर्वायुष्य

विद्वान तत्त्वज्ञ व पुढे भारतरत्न ठरलेले डॉ. भगवानदास हे त्यांचे वडील. केंब्रिज येथे शिक्षण घेऊन श्रीप्रकाश बॅरिस्टर झाले. परंतु वकिलीपेक्षा सार्वजनिक कार्यातच ते अधिक रमले. इ.स. १९२० मध्ये काशीत सुरू झालेल्या 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादन आरंभी त्यांच्याकडे होते. ती धुरा पुढे मराठी कुळातील बाबूराव विष्णु पराडकर यांनी सांभाळली. काँग्रेसच्या चळवळीत श्रीप्रकाश यांना तुरुंगवास घडला. ते मध्यवर्ती विधिमंडळाचे व नंतर संविधान सभेचे सदस्य होते.

कराचीतील उच्चायुक्तपद

ऑगस्ट १९४७ मध्ये श्रीप्रकाश कराचीत दाखल झाले. पंजाबात दोन्ही बाजूंची लोकसंख्या लष्कराच्या देखरेखीखाली हलवली जात होती. सिंधची स्थिती वेगळी होती. तेथे हिंदूंचे प्रमाण सुमारे चतुर्थांश होते आणि कराची शहरात तर ते निम्म्याच्या आसपास होते. पंजाबासारखा रक्तपात तेथे प्रारंभी झाला नव्हता, त्यामुळे हे लोक आपल्या जागी राहतील अशी आशा दोन्ही सरकारे बाळगून होती. ती फोल ठरली. भारतातून निर्वासित मुसलमानांचे लोंढे कराचीत येऊ लागले, घरांवरून ताण वाढला आणि ६ जानेवारी १९४८ रोजी शहरात दंगल उसळली. त्यानंतर सिंधी हिंदू मिळेल त्या बोटीने मुंबईकडे व काठियावाडच्या बंदरांकडे, तर काही जोधपूर रेल्वेच्या खोखरापार मार्गाने राजस्थानकडे निघाले. मुंबईस उतरलेल्यांपैकी हजारोंना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवण्यात आले. तिचेच पुढे उल्हासनगर झाले.

ज्यांना जायचे होते त्यांपैकी सर्वांनाच जाऊ दिले गेले नाही. सफाईची कामे करणाऱ्या दलितांना पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी अडवून धरले. श्रीप्रकाश यांनी हा विषय पंतप्रधान लियाकत अली खान यांच्याकडे नेला. त्यांच्या आठवणीनुसार, ही माणसे गेली तर कराचीचे रस्ते व शौचकूप कोण साफ करणार, असा प्रश्न उत्तरादाखल त्यांना ऐकावा लागला. तत्कालीन कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही डिसेंबर १९४७ मध्ये पाकिस्तानातील दलितांच्या या कोंडीविषयी पंडित नेहरूंना पत्र लिहिले होते. सीमा उघडी असली, तरी ती सर्वांसाठी सारखी उघडी नव्हती.

परवाना पद्धती

इ.स. १९४८ च्या पहिल्या सहामाहीत प्रवाह उलटही वाहू लागला. दंगलीच्या भयाने दिल्ली व संयुक्त प्रांतातून पाकिस्तानात गेलेले अनेक मुसलमान परिस्थिती निवळताच परतू लागले. त्यांच्या घरांत एव्हाना पंजाबातून आलेले हिंदू व शीख निर्वासित राहत होते. घर एक आणि हक्क सांगणारी कुटुंबे दोन, असा हा पेच होता. अखेर भारत सरकारने जुलै १९४८ मध्ये वटहुकूम काढून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांवर परवान्याचे बंधन घातले. ऑक्टोबरमध्ये पाकिस्ताननेही तशीच व्यवस्था केली.

तोपर्यंत लोकांना बाहेर पडण्यास साहाय्य करणारी उच्चायुक्तांची कचेरी आता कोणी आत यावे हे ठरवू लागली. तात्पुरत्या भेटीचा परवाना वेगळा, कायम परतण्याचा वेगळा. पहिला त्या मानाने सुलभ होता. दुसऱ्यासाठी संबंधित प्रांताचे मत घ्यावे लागे आणि तो क्वचितच मिळे. आजारी आईस भेटण्यासाठी तात्पुरता परवाना घेऊन आलेला माणूस मुदत संपताच स्वतःच्या गावात बेकायदा ठरे. हा कागदाचा तुकडा पुढे थेट संविधानात जाऊन बसला. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेल्यांना नागरिक मानता येणार नाही, मात्र पुनर्वसनाच्या वा कायम परतण्याच्या परवान्यावर आलेल्यांना अपवाद, असे अनुच्छेद ७ सांगतो. पाकिस्तानातून आलेल्यांसाठी अनुच्छेद ६ मध्ये १९ जुलै १९४८ ही मर्यादा येते, ती परवाना पद्धतीमुळेच.

सीमा सर्वांनाच नवी होती, याचा एक प्रसंग श्रीप्रकाश यांनी नोंदवून ठेवला आहे. मुंबईतील मलबार हिलवरच्या बंगल्याचे काय करावे, हे बॅरिस्टर जिना यांना विचारण्याची कामगिरी नेहरूंनी त्यांच्यावर सोपवली. त्या घराविषयी जिना इतके हळवे होते, की ते ताब्यात घेऊन आपले मन मोडू नये अशी त्यांनी विनवणी केली. पाकिस्तानच्या निर्मात्याचेही घर सीमेच्या अलीकडेच राहिले होते.

आसाम व त्यानंतर

फेब्रुवारी १९४९ मध्ये श्रीप्रकाश आसामचे राज्यपाल झाले आणि पुन्हा सीमेशीच गाठ पडली. पूर्व बंगालच्या बाजूस परवाना नव्हता. पारपत्राची अट तेथे १५ ऑक्टोबर १९५२ रोजी आली. स्थलांतरितांना आसामबाहेर घालवण्याचा केंद्रीय कायदा मार्च १९५० मध्ये झाला. दंगलींमुळे पळून आलेल्यांना त्यातून वगळण्यात आले होते. परंतु कोण भयाने आला आणि कोण जमिनीसाठी, हे नदीकाठच्या ठाण्यावर ठरवणे सोपे नव्हते.

यानंतर ते काही काळ केंद्रीय मंत्री व इ.स. १९५२ पासून मद्रासचे राज्यपाल होते. डिसेंबर १९५६ मध्ये त्यांची मुंबई राज्याच्या राज्यपालपदी नियुक्ती झाली. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन त्यांच्याच कारकिर्दीत शिगेला पोहोचले आणि १ मे १९६० पासून ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. एप्रिल १९६२ मध्ये ते पदमुक्त झाले. इ.स. १९५७ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले होते. कराचीतील दिवसांच्या आठवणी त्यांनी पाकिस्तानच्या जन्मावरील इंग्रजी पुस्तकात लिहिल्या असून ते इ.स. १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले.