हसऱ्या चेहऱ्याचा ट्रंपेटवादक

जॅझ संगीत आपल्याकडे फारसे ऐकले जात नाही. परंतु लग्नाच्या वरातीतला ट्रंपेट कोणी ऐकला नाही? माझे काका बँडमध्ये तोच वाजवतात. याच वाद्याच्या बळावर एक गरीब मुलगा जगभर पोचला, हे कळल्यावर त्याचे चरित्र जाणून घेण्याची मला ओढ लागली. त्याचे नाव लुई आर्मस्ट्राँग.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, कृष्णवर्णीयांच्या एका दरिद्री वस्तीत ४ ऑगस्ट १९०१ रोजी त्याचा जन्म झाला. वडील घर सोडून गेले. आई मोलमजुरी करी. लुईची शाळा लहानपणीच सुटली. कार्नोफ्स्की नावाच्या ज्यू कुटुंबाच्या गाडीवर तो भंगार गोळा करी, कोळसा विकी. त्यांनीच दिलेल्या उचलीतून त्याने गहाणवटीच्या दुकानातले एक जुने कॉर्नेट घेतले. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचे धाकटे भावंडच. १९१२ सालच्या अखेरच्या रात्री भर रस्त्यात पिस्तुलाचा बार काढल्यामुळे त्याची रवानगी सुधारगृहात झाली. दैवाची गंमत अशी, की तेथेच पीटर डेव्हिस या शिक्षकाने त्याला बँडमध्ये घेऊन शिकवले.

पुढे मिसिसिपी नदीवरील बोटींवर वाजवत तो तयार झाला. १९२२ मध्ये, गुरुस्थानी असलेल्या किंग ऑलिव्हरने त्याला शिकागोला बोलावून घेतले. १९२५ ते १९२८ या काळातील त्याच्या ध्वनिमुद्रिकांनी जॅझचे रूपच पालटले. त्यापूर्वी सारे वादक प्रामुख्याने एकमेकांत गुंफून वाजवीत. आर्मस्ट्राँगने एकट्या वादकाच्या प्रतिभेला मध्यभागी आणले. १९२८ च्या 'वेस्ट एंड ब्लूज'च्या आरंभी त्याचा ट्रंपेट कोणत्याही साथीविना एकटाच झेपावतो. १९२६ च्या 'हीबी जीबीज'मध्ये तो निरर्थक अक्षरांत गातो, तेव्हा आपल्याला तराण्याची आठवण व्हावी! १९६४ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्याच्या 'हॅलो, डॉली!'ने अमेरिकेत बीटल्सना पहिल्या क्रमांकावरून खाली खेचले. मुंबई गाजवणारे गोमंतकीय ट्रंपेटवादक आणि संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहायक चिक चॉकलेट यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणत, यावरून त्याची कीर्ती ध्यानात यावी.

मात्र याच आर्मस्ट्राँगवर त्याच्याच समाजातील तरुण रागावले होते. हातात रुमाल, चेहऱ्यावर अखंड हसू. हा गोऱ्यांना खूष करण्यासाठी हसतो, असा त्यांचा आक्षेप होता. तो अगदीच निराधार होता, असे मी म्हणणार नाही. पण पंगतीत बँडवाल्यांना शेवटी वाढले तरी माझे काकाही हसतातच. ते हसू पोटासाठी असते. त्यावरून मान विकली असे कसे म्हणावे?

१९५७ साली लिटल रॉक येथे गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश घेऊ पाहणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना राज्यपालाने सैनिक लावून अडवले. तेव्हा आर्मस्ट्राँगने एका तरुण वार्ताहरासमोर राज्यपालाचा आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा कडक निषेध केला. सरकारतर्फे ठरत असलेला सोव्हिएत रशियाचा दौराही त्याने नाकारला. टीकेची झोड उठली, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. लुइझियाना राज्याने १९५६ मध्ये गोऱ्या-काळ्या वादकांनी एकत्र वाजवण्यावर बंदी घातली होती. त्यानंतर १९६५ पर्यंत त्याने आपल्या जन्मगावीही वाद्य वाजवले नाही.

६ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्क येथील राहत्या घरी त्याचे निधन झाले. त्या साध्या घराचे आज संग्रहालय झाले आहे. कॉलेजची पायरी चढणारा मी आमच्या घरातला पहिलाच. त्यामुळे त्याच्या उंच सुरांइतकेच मला हे मोलाचे वाटते, की ज्याची स्वतःची शाळा अर्ध्यावर सुटली, तो दुसऱ्यांच्या मुलांसाठी शाळेचे दार उघडावे म्हणून आपली सारी कीर्ती पणाला लावून उभा राहिला.