तीन चमचे साखरेचे मोल

मधुमेह म्हणजे साखर वाढण्याचा विकार, ही समजूत आपल्याकडे इतकी रुळली आहे की, इन्शुलिन घेणाऱ्याच्या जिवाला साखर उतरल्यानेही धोका संभवतो, याची जाणीव सुशिक्षितांनाही क्वचितच असते. या दृष्टीने डॉ. आर. डी. लॉरेन्स यांचे चरित्र मननीय आहे.

१८९२ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जन्मलेले लॉरेन्स लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात शल्यविद्येचे धडे गिरवीत होते. १९२० मध्ये शस्त्रक्रियेचा सराव करताना हाडाची कपची उडून डोळ्यात गेली. डोळा चिघळला आणि त्याच सुमारास मधुमेह उघडकीस आला. उपासमारीवजा पथ्याखेरीज त्या काळी या व्याधीवर इलाज नव्हता. आयुष्याचे उरलेले दिवस कंठण्यासाठी हा तरुण इटलीतील फ्लॉरेन्सला गेला. पण १९२१ मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी सुरू केलेल्या संशोधनाचे फळ लंडनला पोहोचले आणि डॉ. हॅरिसन या सहकाऱ्याने त्यांना परत बोलाविले. १९२३ च्या मे महिन्यात इन्शुलिन सुरू झाले आणि मरणोन्मुख लॉरेन्स पुढे ४५ वर्षे जगले.

मिळालेले जीवदान त्यांनी समाजाच्या कारणी लावले. रुग्णाला स्वतःच्या व्याधीचे ज्ञान हवे, या निष्ठेने त्यांनी १९२५ मध्ये ग्रंथ लिहिला. श्रमाने इन्शुलिनचा प्रभाव वाढतो, हे १९२६ मध्ये दाखवून दिले. बैठ्या दिवशी मानवणारी मात्रा धावपळीच्या दिवशी घातक का ठरते, याचा उलगडा त्यात आहे. १९३४ मध्ये एच. जी. वेल्स यांच्यासह त्यांनी मधुमेहींची संघटना उभारली.

त्यांचा हा वारसा केवळ वैद्यांचा नव्हे. अंगाला कंप, दरदरून घाम, धडधड, अकारण चिडचिड वा असंबद्ध बोलणे दिसताच रक्तातील साखर तपासावी; ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास, वा तपासणी शक्य नसल्यासही, १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर चढली नसेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. ग्लुकागॉनचे इंजेक्शन जवळ असल्यास द्यावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे.

वर्गात एखादा मधुमेही विद्यार्थी खिशातून साखर काढून खाऊ लागला, तर तो शिस्तभंग नव्हे. त्या क्षणी त्याला अडविणारा शिक्षक नकळत त्याच्या जिवाशी खेळत असतो. इन्शुलिनच्या शोधाला शतक लोटले. आता एवढे शहाणपण आपल्या शाळांत आणि कचेऱ्यांत रुजावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.