एकच प्रोग्राम, दोन यंत्रे : ग्रेस हॉपर यांची जीवनकथा



गेल्या वर्षी माझ्या पुतणीने एका मंडळाच्या जत्रेच्या वर्गणीचा हिशेब ठेवण्यासाठी संगणकावर एक छोटा प्रोग्राम लिहिला. नाव घालावे, रक्कम घालावी, की पावती तयार. तिच्या लॅपटॉपवर सगळे व्यवस्थित चालले. मंडळाच्या खजिनदारांकडे मात्र कोणीतरी भेट दिलेला जुना संगणक होता आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होते. तिथे तो प्रोग्राम उघडेचना. ज्या साधनाने तिने तो बनवला, ते फक्त विंडोजपुरतेच प्रोग्राम तयार करून देणारे होते. शेवटी जत्रेच्या आदल्या दोन रात्री जागून पावत्या हाताने लिहाव्या लागल्या आणि त्या घाईत दोन घरांची वर्गणी वहीत चढलीच नाही. गावात अशी चूक लहान नसते. मंडळाच्या माणसांना त्या दोन्ही घरी जाऊन समजूत घालावी लागली.

पुढच्या खेपेला कोणते साधन घ्यावे, असे तिने मला विचारले. साधनांची नावे सांगण्याआधी मी तिला एका बाईंची गोष्ट सांगितली. एकदा लिहिलेला प्रोग्राम निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालला पाहिजे, या एका ध्यासामागे त्या बाईंनी आयुष्याची कितीतरी वर्षे घातली. तीच गोष्ट इथे देत आहे.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील विमा व्यवसायात होते. आईला गणिताची ओढ होती. ग्रेस सात वर्षांची असताना गजराचे घड्याळ आतून कसे चालते ते पाहण्यासाठी तिने एक घड्याळ खोलले. ते पुन्हा जुळेना म्हणून दुसरे खोलले, मग तिसरे. असे करत घरातली सात घड्याळे तिने मोकळी केली. आईने शिक्षा केली नाही, फक्त यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे असा नियम घातला. आपल्याकडे अशा वेळी काय झाले असते, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पहिल्या प्रयत्नात त्यांना व्हासार कॉलेजात प्रवेश मिळाला नाही, कारण लॅटिनमध्ये गुण कमी पडले. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. १९२८ साली त्या गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. येल विद्यापीठातून १९३० मध्ये एम. ए. आणि १९३४ मध्ये गणितातली डॉक्टरेट त्यांनी मिळवली. त्या काळात गणितात डॉक्टरेट मिळवणाऱ्या स्त्रिया फारच थोड्या होत्या. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा विवाह पुढे टिकला नाही, पण हॉपर हे आडनाव त्यांनी अखेरपर्यंत ठेवले. दरम्यान व्हासारमध्येच त्या गणित शिकवू लागल्या होत्या. सुखाची, मानाची नोकरी होती.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि हॉपरबाईंनी नौदलात जायचे ठरवले. नौदलाने आधी नकार दिला. वय चौतीसच्या पुढे गेलेले, वजन नियमापेक्षा सुमारे सात किलो कमी, शिवाय गणिताच्या प्राध्यापकाची गरज कॉलेजात अधिक, अशी तिहेरी हरकत होती. बाईंनी पाठपुरावा सोडला नाही. खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तिथे हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली मार्क-१ नावाचे गणनयंत्र चालत होते.

हे यंत्र म्हणजे आजच्या संगणकाचे पणजोबा. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे पाच टन. एका सेकंदात तीन बेरजा करायचे. त्याला काय करायचे ते भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून सांगावे लागे. या यंत्राची ५०० हून अधिक पानांची माहितीपुस्तिका हॉपरबाईंनी लिहिली. ती १९४६ मध्ये छापून निघाली.

इथेच त्यांच्या पुढच्या कामाचे बी पडले. एखाद्या कोनाची ज्या काढायची आज्ञावली एकदा नीट जमली, की मंडळी ती आपल्या वहीत उतरवून ठेवत. पुढच्या कामात ती लागली, की एकमेकांच्या वह्या मागून त्यातून नकलून घेत. नकलताना आकडा चुके. आज्ञावली नव्या जागी बसवताना प्रत्येक आज्ञेचा क्रमांक बदलावा लागे आणि त्या बेरजेतही चूक होई. हे नकलण्याचे काम माणसाने का करावे, यंत्रानेच का करू नये, हा विचार त्यांच्या मनात घर करून राहिला.

संगणकातल्या चुकीला इंग्रजीत बग, म्हणजे किडा, म्हणतात. सप्टेंबर १९४७ मध्ये मार्क-२ या यंत्रात खरोखरच एक पतंग अडकून मेलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटपट्टीने लावून ठेवला गेला. हॉपरबाईंनीच बग हा शब्द शोधला, असे पुष्कळ पुस्तकांत वाचायला मिळते. ते खरे नाही. यंत्रातल्या दोषाला किडा म्हणण्याची रीत त्याआधीपासून होती आणि तो पतंगही त्यांनी स्वतः पकडलेला नव्हता. त्या हा किस्सा रंगवून सांगत, म्हणून तो त्यांच्या नावावर चढला.

१९४९ मध्ये हार्वर्ड सोडून त्या फिलाडेल्फियातील एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. ही कंपनी पुढच्याच वर्षी रेमिंग्टन रँड कंपनीने विकत घेतली. तिथे युनिव्हॅक संगणकासाठी त्यांनी १९५२ मध्ये ए-० नावाचा प्रोग्राम तयार केला. आधी तयार असलेल्या आज्ञावल्यांना क्रमांक दिलेले असत. कोणकोणत्या हव्यात ते सांगितले, की ए-० त्या गोळा करून, जागच्या जागी बसवून पूर्ण प्रोग्राम जोडून देई. अशा संकलन करणाऱ्या प्रोग्रामला त्यांनी कंपायलर हे नाव दिले. आज कंपायलर याहून बरेच अधिक काम करतो, पण सुरुवात ही होती. संगणक फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम लिहीत नाही, असे तेव्हाच्या जाणकारांचे ठाम मत होते. त्यामुळे चालू असलेल्या कंपायलरलाही बराच काळ कोणी हात लावीना.

त्यांनी पुढची पायरी गाठली ती भाषेची. हिशेबनीस, कारकून, व्यापारी यांना गणिती चिन्हे नकोशी वाटतात. मग साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा का देऊ नये? वरिष्ठांना पटवण्यासाठी त्यांनी एकच छोटा प्रोग्राम इंग्रजीत, फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्ये लिहून दाखवला. यंत्राच्या दृष्टीने तिन्ही सारखेच, शब्द बदलले तरी चिन्हेच ती. वरिष्ठ मात्र हबकले. अमेरिकेत बनवलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कसे समजेल, असे त्यांना वाटले. बाईंना मग फक्त इंग्रजीचेच बोलावे लागले. यातून फ्लो-मॅटिक ही भाषा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झाली.

आता खरी अडचण उभी राहिली. प्रत्येक कंपनीचे यंत्र वेगळे आणि प्रत्येकीची भाषा वेगळी. एका यंत्रासाठी लिहिलेला पगारपत्रकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर शून्य किमतीचा. यंत्र बदलले, की सगळे पहिल्यापासून लिहा. मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यात, पेंटागॉनमध्ये, सरकारी अधिकारी, संगणक बनवणाऱ्या कंपन्या आणि वापरणारे एकत्र बसले आणि सर्वांसाठी एकच व्यापारी भाषा करायचे ठरले. तीच कोबॉल. हॉपरबाईंना या भाषेची आई म्हणतात, पण ती लिहिणाऱ्या समितीत जीन सॅमेट आणि इतर अनेक जण होते. बाई सल्लागार होत्या. मात्र या भाषेचा पाया बहुतांशी त्यांच्या फ्लो-मॅटिकवर उभा होता.

६ आणि ७ डिसेंबर १९६० रोजी परीक्षा झाली. जवळजवळ एकच कोबॉल प्रोग्राम आरसीए कंपनीच्या ५०१ या यंत्रावर आणि रेमिंग्टन रँडच्या युनिव्हॅक-२ वर चालवला गेला. दोन्हीकडे तो चालला. त्या डिसेंबरात आपला पेडणे तालुका पोर्तुगीज अमलाखाली होता. इब्रामपुरात एस्कुदोचे नाणे चाले आणि सीमेपलीकडे रुपया. भाषा एक, सोयरीक एक, पण इकडचे नाणे तिकडे खोटे. आपल्या आजी-आजोबांना विचारा, म्हणजे दोन यंत्रांमधली ही भिंत काय होती ते लवकर समजेल.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर पुतणीला ती सांगण्याचे मला कारण नव्हते. कोबॉल सर्वांनी घेतली, पण प्रत्येक कंपनीने आपल्या कंपायलरमध्ये काही शब्द पदरचे घातले आणि काही गाळले. नाव एक, वागणूक वेगळी. नौदलाकडे कितीतरी ठिकाणी कितीतरी संगणक होते आणि एका ठिकाणचा प्रोग्राम दुसऱ्या ठिकाणी पुन्हा अडू लागला.

१९६६ च्या अखेरीस, साठ वर्षे पूर्ण झाल्यावर, नौदलाने हॉपरबाईंना निवृत्त केले होते. हा घोळ निस्तरायला ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांना परत बोलावले, सहा महिन्यांसाठी. ते सहा महिने एकोणीस वर्षे चालले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले, तर परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढल्या. भाषेचा एकेक नियम घेऊन त्यावर छोटे प्रोग्राम लिहिले, ज्यांचे बरोबर उत्तर आधीच ठरलेले होते. कंपनीने कंपायलर आणला, की त्यातून हे सारे प्रोग्राम चालवायचे. उत्तरे जुळली तर तो कंपायलर पास, नाही तर नापास. १९७० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या खरेदीतही अशा चाचणीला महत्त्व आले. माझ्या मते हेच बाईंचे सर्वात मोठे काम. कंपायलरची कल्पना इतरांनाही सुचत होती. सगळीकडे चालतो असे म्हणणाऱ्याला दोन्ही यंत्रांवर चालवून दाखव असे सांगणारे माणूस मात्र तेव्हा विरळच होते.

भाषणांना त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे घेऊन जात आणि श्रोत्यांना वाटत. एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, म्हणजे नॅनोसेकंदात, वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर जाऊ शकते, हे डोळ्यांना दिसावे म्हणून. त्यांच्या कचेरीतल्या भिंतीवर उलटे फिरणारे घड्याळ होते. वेळ बरोबर दाखवायचे, काटे मात्र डावीकडे जायचे. आजवर असेच केले, हे उत्तर त्यांना अजिबात खपत नसे.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर अॅडमिरल या हुद्द्यावरून त्या निवृत्त झाल्या. तो समारंभ बॉस्टन बंदरात कॉन्स्टिट्यूशन या जुन्या शिडाच्या युद्धनौकेवर झाला. लगेच त्यांनी एका संगणक कंपनीत सल्लागाराची नोकरी धरली. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची युद्धनौका १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली.

आता पुतणीच्या प्रश्नाकडे येऊ. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालणारा प्रोग्राम करायचे आज मुख्यतः तीन रस्ते आहेत. एक, क्यूटीसारखे साधन घ्यायचे. प्रोग्राम एकदा लिहायचा आणि प्रत्येक प्रणालीसाठी वेगळा कंपाइल करायचा. दुसरा जावाचा. १९९५ साली आलेल्या या भाषेत प्रोग्राम एका काल्पनिक यंत्रासाठी तयार होतो आणि ते काल्पनिक यंत्र प्रत्येक संगणकावर असावे लागते. तिसरा इलेक्ट्रॉनचा. यात प्रोग्राम आपल्याबरोबर अख्खा ब्राउझरच घेऊन फिरतो. लिहायला सोपा, पण आकाराने भला मोठा. खजिनदारांच्या जुन्या संगणकावर तो घालणे म्हणजे सायकलवरून भाताची पोती नेण्यासारखे झाले असते.

तिने पायथन भाषा घेतली आणि तिच्याबरोबर मिळणारे टीके-इंटर हे खिडक्या बनवायचे साधन घेतले. या वेळी मात्र तिने रोज संध्याकाळी खजिनदारांच्या घरी जाऊन दोन्ही संगणकांवर तोच प्रोग्राम चालवून पाहिला. पहिल्याच दिवशी फाइल सापडेना. एके ठिकाणी तिने फाइलचे नाव मोठ्या इंग्रजी अक्षराने लिहिले होते आणि दुसरीकडे लहान. विंडोजला दोन्ही सारखी, लिनक्सला वेगळी. दुसऱ्या दिवशी लिनक्सवर लिहिलेली मराठी नावे विंडोजवर अगम्य चिन्हे होऊन आली. फाइल उघडताना यूटीएफ-८ हे स्पष्ट लिहिल्यावर ती सुधारली. तिसऱ्या दिवशी लिनक्सच्या खिडकीत विठ्ठल या नावातली पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली आणि जोडाक्षर फुटले. तिच्याकडच्या आवृत्तीतल्या टीके-इंटरला लिनक्सवर देवनागरीची जुळणी जमत नव्हती. आठ दिवसांचे काम बाजूला ठेवून तिने खिडक्यांचा भाग क्यूटीत पुन्हा लिहिला. हिशेबाचा भाग वेगळ्या फाइलमध्ये होता, त्याला हात लावावा लागला नाही.

प्रत्येक चूक सापडली, की तिने तिच्यावर एक छोटी चाचणी लिहून ठेवली आहे. वीस नावे, वीस रकमा आणि शेवटची बेरीज आधीच ठरलेली. यंदा वर्गणी सुरू होण्याआधी ती दोन्ही संगणकांवर चालवली. बेरीज दोन्हीकडे जुळली. गेल्या वर्षी राहून गेलेल्या त्या दोन घरांची नावे तिने चाचणीच्या यादीत सर्वात वर घातली आहेत.