डॉ. शांतिस्वरूप भटनागर : प्रयोगशाळेतून कारखान्याकडे

भटनागर हे नाव तुम्ही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पुरस्कारासोबत पाठ केले असेल. त्यांच्या हयातीतले काम मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या शाळेतील कित्येक पालकांचे साबणाचे, रंगाचे, मसाल्याचे लहान कारखाने आहेत. अशा कारखानदाराला स्वतःची प्रयोगशाळा परवडत नाही. मग त्याच्यासाठी संशोधन करायचे कोणी आणि त्याचा खर्च सोसायचा कोणी? डॉ. भटनागरांच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे याच प्रश्नाभोवती गेली.

त्यांचा जन्म 21 फेब्रुवारी 1894 रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. ते आठ महिन्यांचे असतानाच वडील वारले. पुढे ते आजोळी वाढले. आजोबा इंजिनीअर होते, त्यामुळे यंत्रांची गोडी त्यांना तिथेच लागली. 1921 मध्ये लंडनहून डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक झाले. त्या विश्वविद्यालयाचे कुलगीत या रसायनशास्त्रज्ञाने लिहिले आहे, तेही हिंदीत! माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून मला याचे जरा जास्तच कौतुक वाटते.

1924 मध्ये ते लाहोरला गेले. तिथे उद्योजक आपल्या अडचणी घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. सर गंगाराम यांच्यासाठी त्यांनी उसाच्या चिपाडापासून गुरांच्या खाद्याची पेंड तयार करण्याची रीत शोधली. रावळपिंडीजवळ तेलविहिरी खोदणाऱ्या कंपनीची अडचण मोठी होती. खोदताना वापरायचा चिखल जमिनीतल्या खाऱ्या पाण्याशी मिळाला की घट्ट होऊन बसे आणि काम ठप्प होई. भटनागरांनी त्या चिखलात देशी डिंक मिसळायला सांगितला. चिखल पातळ राहिला आणि खोदाई पुढे सरकली. प्रसन्न होऊन कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळचे दीड लाख! भटनागरांनी स्वतःसाठी काही न घेता ही रक्कम विश्वविद्यालयाकडे वळवली आणि त्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला. सहकाऱ्यांना याचे नवल वाटले असणारच.

पण असा उदार कारखानदार रोज भेटत नाही. महायुद्धामुळे परदेशी माल येईनासा झाला, तेव्हा 1940 मध्ये सरकारने वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ नेमले. अध्यक्ष रामस्वामी मुदलियार होते आणि संचालक भटनागर. वर्षाला पाच लाख रुपये मिळत. 1941 मध्ये केंद्रीय विधिमंडळाने औद्योगिक संशोधनासाठी पाच वर्षे दरसाल दहा लाखांचा निधी मंजूर केला. भटनागरांचे चातुर्य मला पुढच्या गोष्टीत दिसते. शोध वापरल्याबद्दल उद्योगांकडून जे मानधन येईल, ते सरकारी तिजोरीत न मिसळता पुढच्या संशोधनासाठी वेगळे ठेवावे, हे त्यांनी सरकारच्या गळी उतरवले. शोध कारखान्यापर्यंत पोहोचवायला वेगळी समितीही नेमून घेतली. 26 सप्टेंबर 1942 रोजी यातूनच सीएसआयआर ही संस्था स्थापन झाली.

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंच्या पाठिंब्याने राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभी राहिली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 3 जानेवारी 1950 रोजी सुरू झाली. म्हैसूरला अन्न तंत्रज्ञानाची, जमशेदपूरला धातूंची. अहमदाबादेत वेगळा मार्ग निघाला. तिथे गिरण्यांची वर्गणी आणि सरकारी अनुदान एकत्र करून ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योग संशोधन संस्था चालू झाली. एकट्या गिरणीला न झेपणारे काम असे सर्वांनी मिळून करता आले.

तरीही मोठमोठ्या इमारती झाल्या म्हणून शोध आपोआप बाजारात येत नाहीत. प्रयोगशाळेत वाटीभर बनलेला पदार्थ कारखान्यात टनावारी बनवताना नाना विघ्ने येतात, आणि त्या टप्प्यावर लहान माणूस पैसा घालायला धजत नाही. यासाठीच 1953 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ स्थापन झाले. सरकारी प्रयोगशाळेतील कृती ठराविक शुल्क भरून परवान्यावर उद्योजकाला मिळावी, अशी त्याची योजना. त्याच्या उभारणीत भटनागरांचा मोठा वाटा होता. त्यानंतर साधारण वर्षभराने, 1 जानेवारी 1955 रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय अवघे साठ होते.